आजवरचे पाच सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू: क्रम लावायचा तर कशावरून?

मुलुंड_कोर्ट

नमस्कार मंडळी. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागे एक बास्केटबॉल कोर्ट आहे. संध्याकाळी तिथे मी मुलामुलींना शिकवते. पाऊस संपला की कोर्टाला नवा रंग द्यायचाय आणि बोर्डामागच्या कंपाउंडच्या भिंतीवर आजवरच्या पाच सर्वश्रेष्ठ खेळाडूंची मोठी चित्रं काढून घ्यायची आहेत. कमिटीने खर्च मंजूर केला, चित्रकारही ठरला, पण नावांवर घोडं अडलंय.

आधी मुलांकडून चिठ्ठ्या घेतल्या. मायकल जॉर्डन, कोबी ब्रायंट, लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी, यानिस. पाचही दिग्गज, त्यात वाद नाही. पण यांच्यात सगळ्यात आधी एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, आला तो जॉर्डन, १९८४ला. लीग सुरू झाली १९४६ला. मधल्या काळात कुणी खेळलंच नाही असं कसं म्हणायचं? ज्याची रील मोबाइलवर येते त्याला मत पडलं.

मग एका रविवारी वही घेऊन आकडे मांडले. विजेतेपदं धरली तर बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल ११, त्याच्या खालोखाल त्याच्याच टीमचा सॅम जोन्स १०. पुढे रॉबर्ट हॉरी ७ आणि जॉर्डन ६. हॉरीने मोक्याचे शॉट मारले हे खरं, पण तो जॉर्डनच्या वर? एकूण पॉइंट धरले तर लेब्रॉन, करीम अब्दुल-जब्बार, कार्ल मलोन, कोबी, आणि जॉर्डन या चौघांच्याही खाली. मलोनकडे एकही विजेतेपद नाही. मॅचमागे सरासरी धरली तर जॉर्डन ३०.१२ आणि विल्ट चेंबरलेन ३०.०७, म्हणजे दोघांत केसाएवढा फरक. एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचे पुरस्कार, मोजले तर करीम ६, जॉर्डन आणि रसेल ५-५. रकाना बदलला की पहिलं नाव बदलतं.

तेव्हा नावं सांगाच, पण त्याआधी तुमची कसोटी सांगा. क्रम लावताना तुम्ही सगळ्यात आधी काय बघता आणि का? मुलं मला विचारणार आहेत, "टीचर, हाच का?" त्यांना पटेल असं उत्तर हवंय मला.

लालबाग_२३

ताई, माझी कसोटी एकच. कोर्टाला दोन टोकं आहेत. जो दोन्ही टोकांना सगळ्यात भारी, तो पहिला.

एनबीएची १९९८ची फायनल, जॉर्डनची शिकागो विरुद्ध युटा. फायनल म्हणजे सात मॅचची मालिका, आधी चार जिंकेल तो चॅम्पियन. ही सहावी मॅच. आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. आमच्या चाळीत केबल दोन-तीन घरांत, त्यातल्या एका घरात आम्ही पोरं दप्तरं घेऊनच बसलो होतो. शेवटची ४२ सेकंदं उरली आणि युटाच्या स्टॉकटनने तीन पॉइंटांचा शॉट मारला. ८६-८३. संपलं असं वाटलं. जॉर्डन सरळ आत घुसला, बास्केटजवळून ले-अप, ८६-८५. मग बॉल युटाचा, तो मलोनकडे गेला. मलोन ताकदवान माणूस, बास्केटकडे पाठ करून उभा. जॉर्डन मागून आला आणि त्याच्या हातातून बॉल काढून घेतला. टाइमआउट घेतलाच नाही. बॉल घेऊन पुढे आला, उजवीकडे झेप घेतली, थांबला, उडी मारली. ५.२ सेकंदं बाकी. ८७-८६. त्या मॅचमध्ये त्याचे ४५ पॉइंट.

शॉट सगळ्यांना आठवतो. मला चोरी आठवते. तो शॉट मारायची संधीच त्या चोरीने आली. दहा वेळा लीगमध्ये सगळ्यात जास्त सरासरी आणि नऊ वेळा बचावाच्या पहिल्या टीममध्ये निवड, हे दोन्ही एकाच माणसाच्या नावावर. १९८८ला तर एकाच मोसमात एमव्हीपी, पॉइंटांत पहिला आणि सर्वोत्तम बचावपटू. सहा फायनल खेळला, सहा जिंकला, सहाही वेळा फायनल एमव्हीपी आणि एकदाही सातव्या मॅचपर्यंत गोष्ट जाऊ दिली नाही.

भिंतीवर मधोमध जॉर्डन. बाकी चार तुम्ही ठरवा.

कल्याण_फास्टब्रेक

लालबागदादा, जॉर्डन महान आहेच, पण "सहापैकी सहा" हा हिशोब मला कधीच पटला नाही. लेब्रॉन दहा फायनल खेळला, सहा हरला, आणि त्या सहांवरून त्याला खाली ढकलतात. जॉर्डन १९८५, ८६ आणि ८७ला पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. म्हणजे लवकर हरलं तर माफ आणि शेवटपर्यंत जाऊन हरलं तर दोष?

माझी कसोटी म्हणजे टीमला काय हवं आणि ते किती वर्षं दिलं. लेब्रॉन पावणेसात फुटी. एवढ्या उंचीच्या माणसाने पॉइंट गार्डसारखा बॉल चालवावा, सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, अडवावं, पास द्यावेत, आणि हे वीस वर्षांहून जास्त. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याने करीमचा ३८,३८७ पॉइंटांचा विक्रम मोडला. तो विक्रम करीम १९८९ला निवृत्त झाल्यापासून उभा होता. पुढच्या वर्षी ४०,००० पार.

आणि २०१६. समोर गोल्डन स्टेट, मोसमात ७३ मॅच जिंकलेली टीम. लेब्रॉनची क्लीव्हलँड ३-१ने मागे. फायनलमध्ये एवढ्या मागून तोवर कुणीच जिंकलं नव्हतं. त्या पूर्ण फायनलमध्ये पॉइंट, रिबाउंड (हुकलेला शॉट पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (बॉलची चोरी), ब्लॉक (शॉट हाताने अडवणं), पाचही गोष्टींत दोन्ही टीम मिळून लेब्रॉन पहिला. सातव्या मॅचला ८९-८९ असताना गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वोडाला एकटा बास्केटकडे निघाला होता, आणि लेब्रॉनने मागून धावत येऊन बॉल बोर्डावर चिकटवला. चोरी आठवायची तर हा ब्लॉकही आठवा.

एक सांगतो. २०१९ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या किंग्ज आणि पेसर्स या टीमची मॅच झाली, १३२-१३१, ओव्हरटाइम. पहिल्या दिवशी प्रेक्षक म्हणून शाळेची मुलंच होती, त्यात मी होतो. टीव्हीवर कळत नाही ते तिथे कळलं. एवढी मोठी माणसं एवढ्या वेगाने पळताना प्रत्यक्ष पाहिली की लेब्रॉन म्हणजे काय चीज असेल याचा अंदाज येतो.

टेबल_माटुंगा

ताईंनी कसोटी विचारली आहे आणि तोच योग्य प्रश्न आहे. माझी कसोटी जरा लांबून येते, वाचायची तयारी ठेवा.

मी खेळाडू म्हणून साधारण होतो. माझं बास्केटबॉल टेबलावर गेलं. माटुंगा, नागपाडा, वांद्रे, ठाणे, जिथे स्पर्धा असेल तिथे स्कोअरर म्हणून बसलो. स्कोअरशीट कशी असते ते इथल्या अनेकांनी पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. एका बाजूला रनिंग स्कोअरचे रकाने, एकापासून पुढे आकडे छापलेले. बास्केट झाली की नव्या स्कोअरवर तिरकी रेघ मारायची आणि शेजारी खेळाडूचा नंबर. फ्री थ्रो, म्हणजे फाऊलबद्दल मिळालेला मोकळा शॉट, असेल तर भरीव ठिपका. तीन पॉइंटांची असेल तर खेळाडूच्या नंबराला गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनने, दुसरा आणि चौथा गडद पेनने. दुसऱ्या बाजूला फाऊल आणि टाइमआउट. शीटवर एवढंच मावतं. रिबाउंड, असिस्ट, ब्लॉक नोंदवायला वेगळा माणूस लागतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत तो नसतोच.

माटुंग्यातल्या एका कॉलेज स्पर्धेत एक सेंटर पाहिला होता. फार उंच नव्हता. मॅच संपली तेव्हा माझ्या शीटवर त्याच्या नावापुढे दोन बास्केट आणि तीन फाऊल. पण समोरच्या टीमचे गार्ड आत शिरायचे, हा दिसला की बॉल परत बाहेर काढायचे. एकदा, दोनदा, मग आत शिरणंच बंद झालं. सगळे लांबून मारायला लागले आणि हरले. त्यांचा टाइमआउट माझ्या टेबलाशेजारीच झाला. मिनिटभर कोच फक्त त्या पोराबद्दल बोलत होता: तो इथे उभा असेल तर तिकडून जा, तो बाहेर आला तर आत कट मार. ज्या मुलाने २२ पॉइंट केले होते त्याचा उल्लेखही नाही. शीट वाचणाऱ्याला यातलं काहीही कळणार नाही.

म्हणून मी बघतो ते हे: या खेळाडूमुळे समोरच्यांना काय बदलावं लागलं?

ताईंनी वहीत जे रकाने मांडले ते सगळे नंतर आलेले आहेत, हे विसरू नये. एनबीएत ब्लॉक आणि स्टील मोजायला लागले १९७३-७४पासून. तीन पॉइंटांची रेषा आली १९७९-८०ला. फायनल एमव्हीपी सुरू झाला १९६९ला. रसेलची ती शेवटची फायनल, आणि पहिला पुरस्कार गेला हरलेल्या टीमच्या जेरी वेस्टला. ११ विजेतेपदं मिळवणाऱ्या माणसाकडे फायनल एमव्हीपी एकही नाही, त्याने अडवलेल्या शॉटची अधिकृत मोजदाद नाही. आता त्या पुरस्कारालाच रसेलचं नाव आहे.

आता १९६१-६२चा मोसम घ्या. चेंबरलेनची सरासरी ५०.४ पॉइंट आणि २५.७ रिबाउंड. याच मोसमात हर्शी गावात एका मॅचमध्ये १०० पॉइंट. ऑस्कर रॉबर्टसनची सरासरी ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड, ११.४ असिस्ट, म्हणजे मोसमभर सरासरी ट्रिपल डबल, तिन्ही आकडे दहाच्या वर. रसेल पॉइंटांत या दोघांच्या आसपासही नाही. पत्रकारांनी मोसमाची पहिली टीम निवडली तेव्हा सेंटर म्हणून चेंबरलेनला घेतलं आणि रसेलला दुसऱ्या टीममध्ये ठेवलं. पण तेव्हा एमव्हीपीसाठी मत खेळाडू द्यायचे. त्यांनी रसेलला निवडलं. एकीकडे ५०ची सरासरी, दुसरीकडे ट्रिपल डबल, आणि जे रोज या तिघांसमोर उभे राहत होते ते म्हणाले, रसेल.

मला या मतदानाएवढा मोठा पुरावा दुसरा माहीत नाही. माझ्या त्या कोचने टाइमआउटमध्ये जे केलं तेच एनबीएच्या खेळाडूंनी मतपत्रिकेवर केलं. त्या मोसमात पुढे काय झालं तेही बघा. चेंबरलेनच्या टीमला सेल्टिक्सने सातव्या मॅचमध्ये दोन पॉइंटांनी हरवलं. मग फायनल लॉस एंजेलिस लेकर्सशी, तीही सातव्या मॅचला, तीही ओव्हरटाइममध्ये, ११०-१०७. रसेलचे ३० पॉइंट आणि ४० रिबाउंड.

त्याची ब्लॉक करायची पद्धतही मुलांना सांगण्यासारखी आहे. हल्ली बॉल प्रेक्षकांत भिरकावला की टाळ्या पडतात. पण बॉल बाहेर गेला म्हणजे तो पुन्हा समोरच्यांचाच. रसेल बॉल कोर्टातच ठेवायचा, हलकेच आपल्या माणसाकडे टॅप करायचा, आणि तिथून सेल्टिक्सची धाव सुरू.

त्यामुळे माझ्या यादीत रसेल पहिला. दुसरा जॉर्डन, कारण त्याला अडवायला डेट्रॉइटच्या टीमने वेगळे नियमच बांधले होते, "जॉर्डन रूल्स" याच नावाने ते ओळखले जातात, आणि १९९१ला त्याने तेही मोडून काढले. तिसरा करीम. कॉलेजमध्ये त्याचा एक मोसम झाला आणि १९६७ला कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकवरच, म्हणजे उडी मारून बॉल वरून बास्केटमध्ये घालण्यावरच, बंदी आली, ती जवळजवळ दहा वर्षं राहिली. डंक गेला म्हणून त्याने स्काय हुक, म्हणजे डोक्यावरून एका हाताने मारायचा शॉट, घासूनपुसून असा तयार केला की त्याला उत्तर कुणाकडे नव्हतं. १९८५च्या सेल्टिक्सविरुद्धच्या फायनलची पहिली मॅच करीमचे लेकर्स ११४-१४८ने हरले. करीमचे १२ पॉइंट, ३ रिबाउंड. वय ३८. सगळीकडे तो संपल्याची चर्चा. दुसऱ्या मॅचला ३० पॉइंट, १७ रिबाउंड, ८ असिस्ट, ३ ब्लॉक. तोवर फायनलमध्ये सेल्टिक्सशी आठ वेळा गाठ पडून लेकर्स आठही वेळा हरले होते. त्या वर्षी बॉस्टनमध्ये जाऊन जिंकले, आणि फायनल एमव्हीपी करीम. त्याचा पहिला फायनल एमव्हीपी १९७१चा होता. मधे चौदा वर्षं.

चौथा लेब्रॉन. कल्याणच्या मित्राने २०१६ सांगितलं, मी त्याच्या पुढचं सांगतो. ७३ मॅच जिंकणारी टीम त्याच्याकडून हरली आणि महिन्याभरात त्यांनी केव्हिन ड्युरांटला आणलं. एवढ्या भरलेल्या टीमला आणखी एक एमव्हीपी घ्यावासा वाटला. माझ्या कसोटीत याला फार वजन आहे.

पाचव्या जागेसाठी चेंबरलेन की करी यात मी अडकतो. चेंबरलेनसारख्यांना बास्केटपासून लांब ठेवायला १९६४ला लेन, म्हणजे बास्केटसमोरचा पट्टा जिथे जास्त वेळ थांबता येत नाही, १२ फुटांवरून १६ फूट रुंद केली. करीने २०१५-१६ला एकाच मोसमात ४०२ थ्री, म्हणजे तीन पॉइंटांच्या बास्केट, मारल्या आणि बचावाला हाफ कोर्टजवळ येऊन उभं राहावं लागलं. आजचं मत करी.

लालबाग_२३

काका, लिहिलंय सुंदर, पण रसेल पहिला हे नाही पटत. तेव्हा लीगमध्ये टीम किती? आठ-नऊ. बहुतेक वर्षी सेल्टिक्स दोन फेऱ्या जिंकले की चॅम्पियन. जॉर्डनला दर वेळी चार फेऱ्या खेळाव्या लागल्या, तेही २७-२९ टीमच्या लीगमध्ये. आणि रसेलचा फ्री थ्रो बघा, ५६ टक्के! ताई मुलांना फ्री थ्रो शिकवत असतील, त्यांना काय सांगणार?

रिबाउंडचे आकडेही त्या काळात फुगलेले. तेव्हा एक टीम मॅचला शंभराच्या वर शॉट घ्यायची, आणि हुकायचेही पुष्कळ. शॉट हुकला की रिबाउंड कुणाला तरी मिळणारच.

टेबल_माटुंगा

रिबाउंडबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, म्हणूनच मी रसेलच्या रिबाउंड सरासरीवर काहीच उभं केलेलं नाही. फ्री थ्रोही कच्चाच होता.

पण आठ टीमचा मुद्दा उलटा वाचा. तीस टीममध्ये जी गुणवत्ता आज वाटली जाते ती तेव्हा आठांत कोंबलेली होती. आणि एका मोसमात एकाच टीमशी दहा-बारा वेळा खेळायचं. चेंबरलेनला महिन्यातून दोनदा-तीनदा भेटायचं, तुमची प्रत्येक खोड त्याला पाठ, आणि तरीही जिंकायचं.

तुम्ही लालबागचे, म्हणून विचारतो. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वेळा रणजी जिंकली. सेल्टिक्सची सलग आठ विजेतेपदं १९५९ ते १९६६ची, म्हणजे काळही तोच. "तेव्हा स्पर्धाच सोपी होती" असं त्या मुंबईबद्दल कुणी म्हटलं तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर त्याला कुणी बसू देईल का? समोर कोण होतं, कशा परिस्थितीत जिंकले, हे आपण त्याला बसवून सांगू. तोच न्याय रसेललाही द्या.

आणखी एक. १९५६च्या ऑलिंपिकचं सुवर्ण घेऊन रसेल डिसेंबरमध्ये सेल्टिक्सला आला. टीममध्ये कूझी आणि शर्मनसारखे मोठे खेळाडू आधीपासून होते, विजेतेपद एकही नव्हतं. त्याच मोसमात पहिलं मिळालं. १९६९ला तो आणि सॅम जोन्स निवृत्त झाले, पुढच्या मोसमात सेल्टिक्स ३४ जिंकले, ४८ हरले, प्लेऑफच्या बाद फेऱ्यांनाही नाहीत. शेवटचे तीन मोसम तर तोच कोचही होता, आणि त्यात दोन विजेतेपदं. सातवी निर्णायक मॅच त्याच्या वाट्याला दहा वेळा आली, दहाही वेळा जिंकला. तुम्हाला सहापैकी सहा आवडतं ना? मग हेही आवडायला हवं.

वसई_सेंटर

मी सगळं वाचलं आणि एक गोष्ट खटकली. ताईंनी पहिल्याच ओळीत "मुलामुलींना" लिहिलंय. मग एवढी नावं आली, त्यात बाई एकही नाही?

मी कॉलेजसाठी सेंटर खेळले. आमच्या मॅच सकाळच्या, मुलांच्या मॅचच्या आधी, रिकाम्या बाकांसमोर. काकांची कसोटी मला मनापासून पटली, कारण न मोजलेल्या गोष्टींबद्दल आम्हा मुलींना जास्त माहीत आहे. शेरिल मिलर घ्या. १९८२ला शाळेच्या एका मॅचमध्ये १०५ पॉइंट, कॉलेजची दोन विजेतेपदं, १९८४चं ऑलिंपिक सुवर्ण. त्यानंतर अमेरिकेत तिला खेळायला डब्ल्यूएनबीए, म्हणजे बायकांची एनबीए, नव्हतीच, ती सुरू झाली १९९७ला. गुडघ्याने तोवर दगा दिला होता. तिच्या कारकिर्दीतले पॉइंट कुठल्या रकान्यात मोजणार? तिचा भाऊ रेजी मिलर एनबीएत अठरा मोसम खेळला, त्याचा पॉइंट न् पॉइंट नोंदलेला आहे.

भिंतीसाठी मात्र मी डायना टोरासी सुचवेन. २००४ ते २०२४, सलग सहा ऑलिंपिक, सहा सुवर्ण, आणि त्यात तिच्या टीमने एकही मॅच गमावली नाही. डब्ल्यूएनबीएच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट तिचे, दहा हजारांचा टप्पा ओलांडणारी पहिली. तिथली तीन विजेतेपदं, कॉलेजची तीन. लेब्रॉनला तुम्ही ज्या कारणाने मानता, कल्याणदादा, ते प्रत्येक कारण तिला लागू आहे.

कल्याण_फास्टब्रेक

टोरासीला माझं मत. करीने बास्केटबॉल बदललं हे खरंय, पण थ्री वाढल्या त्याला आकडेमोड करणारे मॅनेजरही तेवढेच कारणीभूत आहेत. २००९-१०ला एक टीम मॅचमागे थ्रीचे १८ प्रयत्न करायची, २०२३-२४ला ३५. एकट्या करीचं ते काम नाही.

रसेल-जॉर्डन वादात मात्र मी अजूनही लेब्रॉनच्या बाजूने आहे.

मुलुंड_कोर्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मुलांना कोर्टावर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. १९६२चं मतदान ऐकल्यावर मोठी मुलं गप्प ऐकत होती. मग एकाने विचारलं, "टीचर, ब्लॉक मोजत नव्हते तर तो भारी आहे हे कळलं कसं?" मी म्हटलं, ज्यांचे शॉट अडवले त्यांनी सांगितलं.

रसेल, करीम, जॉर्डन, लेब्रॉन, टोरासी. ही पाच नावं कमिटीला कळवली. करीचा चाहतावर्ग नाराज आहे आणि त्यांची नाराजी मला समजते. नंबर घालायचे नाहीत असं ठरवलंय, ज्या काळात खेळले त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. लालबागदादा, त्यामुळे जॉर्डन आपोआप मधोमध आला.

काका, दोन विनंत्या. रविवारच्या मॅचला मुलांकडूनच काही वेगळं नोंदवून घ्यायचंय. काय मोजायला सांगू? आणि चित्रकाराने बास्केटबॉल कधी पाहिलेलं नाही, त्याला काही सूचना?

टेबल_माटुंगा

मोजायला तीनच गोष्टी द्या, जास्त दिल्या तर मुलांचं मॅचकडे लक्ष राहणार नाही. समोरचा आत शिरला आणि शॉट न घेता परत फिरला, तर ज्याच्यामुळे फिरला त्याच्या नावापुढे एक रेघ. ज्या स्क्रीनमुळे, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहिल्यामुळे, दुसऱ्याला मोकळा शॉट मिळाला त्या स्क्रीनला एक रेघ, शॉट गेला नाही तरी. आणि ब्लॉकनंतर बॉल कुणाला मिळाला ते लिहायचं, आपल्याला की त्यांना. खेळाडूंच्या नावांचा कागद आधी तयार ठेवा. नोंद करणारी मुलं दोन ठेवा, एक बघेल आणि बोलेल, दुसरा लिहील. एकट्याने दोन्ही केलं की खाली बघताना निम्मं सुटतं.

चित्रकाराला सांगा की रसेल डावखुरा होता. बॉल अडवायला वर गेलेला हात डावा हवा, पंजा उघडा, बॉलला नुसता टेकलेला. करीमचा स्काय हुक उजव्या हाताचा, बास्केटकडे खांदा, हात पूर्ण सरळ वर आणि बॉल मनगटातून सुटलेला. गॉगल जरूर घाला. लेब्रॉनचा एखादा सही करतानाचा फोटो समोर ठेवून चित्र काढू नका, तो लिहितो डाव्या हाताने पण शॉट उजव्याने मारतो. टोरासी उजव्या हाताची, केस मागे घट्ट अंबाड्यात. जॉर्डनचे फोटो मुबलक आहेत, पण जमलं तर बचाव करतानाचा घ्या, गुडघे वाकलेले, हात पसरलेले. लालबागकरांनाही तोच आवडेल.